माश्या-डासांचा आठ दिवसांचा हिशेब

अखाजीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून तुम्ही ओट्याशी उभ्या आहात. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरसाचे पातेले भरले, माहेरवाशिणी झोक्यावरून उतरून पानावर बसायच्या बेतात आहेत. आणि नेमकी तेव्हाच एक माशी रसाच्या पातेल्याच्या काठावर येऊन बसते. तुम्ही पदराने हाकलता. ती उठते, एक घिरटी घालते आणि पुन्हा तिथेच! एकीच्या दोन होतात, दोनाच्या दहा. पाहुणे बिचारे काही बोलत नाहीत; पण त्यांची नजर माशीवर असते आणि तुमची त्यांच्या नजरेवर.

खानदेशातल्या कुठल्या गृहिणीला हा अनुभव नाही, सांगा बरे? माझे माहेर जळगावचे आणि सासर धुळ्याचे. एका गावाची ओळख केळीवरून, दुसऱ्याची नंबरांच्या गल्ल्यांवरून. पण माश्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. माझ्या सासूबाई अस्सल अहिराणीत म्हणायच्या, "माशी आपेआप येत नही माय, आपनच तिले बलावतस!" लग्न होऊन आले तेव्हा मला हे बोलणे टोमण्यासारखे वाटे. त्यात किती खरेपणा होता, ते कळायला मला बरीच वर्षे लागली. आणि ते शिकवले माशीने नव्हे, तर डासाने.

माझीच फजिती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते. माझ्या धाकट्याला ताप भरला. पाऊसपाण्याचा ताप असेल म्हणून दोन दिवस घरीच काढा दिला, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पोर डोळेच उघडेना. डोके दुखते, डोळ्यांच्या मागे ठणकते, हाडे मोडल्यासारखी वाटतात, असे सांगू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले, डेंग्यू निघाला. पाच रात्री दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून काढल्या. त्या रात्रींचे काय सांगू? रोज सकाळी प्लेटलेट्सचा आकडा कळेपर्यंत घशाखाली घोट उतरत नसे.

अशा वेळी माणसाला कुणावर तरी राग काढायचा असतो. मी काढला शेजारच्या वहिनींवर. त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या दारावरून गटारीत जाते आणि गटार सारखी तुंबते. मी चारचौघींत म्हणाले, "तुमच्या गटारीनेच माझ्या पोराला दवाखाना दाखवला!" वहिनी काही बोलल्या नाहीत. मान खाली घालून आत गेल्या.

धाकटा घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या दोन मुली दारात आल्या. एकीच्या हातात वही, दुसरीच्या हातात टॉर्च. मी तावातावाने त्यांना गटारीपाशी नेले. त्यातली एक हसून म्हणाली, "ताई, गटारीतला डास वेगळा. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ पाणी लागतं. तुमचं साठवणीचं पाणी दाखवा, आणि कूलर दाखवा."

कूलर मागच्या गॅलरीत होता. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हापासून बंद. "रिकामा करायचाय, उद्या करू" असे म्हणता म्हणता तीन महिने गेले होते. वर पावसाच्या पाण्याची भर पडतच होती. तिने टॉर्च मारला. तळाच्या पाण्यात काळपट, बारीक अळ्या वळवळत होत्या, दहा-वीस नव्हे, मोजता येणार नाहीत इतक्या. मग तिने फ्रीजच्या मागचा ट्रे ओढून दाखवला. त्यातही तेच.

मैत्रिणींनो, मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. माझ्या पोराला चावलेला डास माझ्याच गॅलरीत जन्मला असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. कारण हा डास लांबचा प्रवासी नाही. साधारण शंभर-दोनशे मीटरच्या परिसरातच त्याचा सारा संसार होतो. म्हणजे तो आपल्या घरचा असतो, नाही तर शेजारचा.

त्याच संध्याकाळी वाटीभर शेवभाजी घेऊन वहिनींकडे गेले आणि माफी मागितली. वहिनींनी वाटी घेतली आणि म्हणाल्या, "बसा. आधी आमचे पिंप बघू." त्यांच्या जिन्याखालच्या पिंपातही अळ्या होत्याच! दोघींनी मिळून ते आडवे केले. तेव्हापासून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. जे कळले, जे करून पाहिले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

सगळी गोम आठ दिवसांत

माशी घ्या किंवा डास घ्या, दोघांची जन्मकथा एका गोष्टीत सारखी आहे. अंड्यापासून उडणारा कीटक तयार व्हायला आपल्या उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात.

माशी ओल्या, कुजणाऱ्या पदार्थावर एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. जन्मभरात पाचशेच्या घरात. दिवसभरात त्यातून पांढऱ्या अळ्या निघतात. चार-पाच दिवस त्या ओल्यात खातात, मग जवळच्या कोरड्या मातीत शिरून तपकिरी कोष करतात आणि तीन-चार दिवसांनी माशी होऊन उडतात. डासाचेही तसेच. पाण्यात अळी, मग स्वल्पविरामासारखा दिसणारा कोष, आणि मग पंख.

याचा अर्थ काय? उडणारी माशी मारणे हे वाहणाऱ्या नळाखालचे पाणी पुसत बसण्यासारखे आहे. नळ बंद करायचा तर या सात-आठ दिवसांच्या आत एकदा तिचा पाळणा मोडायला हवा. आठवड्यातून एकदा नेमाने केलेले काम रोजच्या फवाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते ते याचसाठी. आपण बायका वारांचा हिशेब ठेवण्यात पटाईत. कुठल्या वारी उपास, कुठल्या वारी न्हाणे, कुठल्या वारी बाजार, सगळे तोंडपाठ असते. त्यात आणखी एका वाराची भर घालायची, इतकेच.

माशीला आमंत्रण कोण देते?

माशीला दात नसतात. तिला फक्त पातळ पदार्थ शोषता येतो. म्हणून साखरेच्या दाण्यावर बसली की ती आधी त्यावर आपली लाळ आणि पोटातला द्रव ओकते, दाणा विरघळवते आणि मग शोषते. तिला चव कळते ती पायांनी. आता ती आधी कुठे बसून आली असेल, याचा विचार करा! उकिरड्यावर, शेणावर, उघड्यावरच्या घाणीवर. हगवण, विषमज्वर, कॉलरा, डोळे येणे, अशा कितीतरी रोगांचे जंतू ती पायांवरून आणि पोटातून वाहून आणते.

आपल्याकडे माशीचे दोन हंगाम. पहिला आंब्याचा आणि दुसरा पावसाचा. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि साली यांचा ढीग परसात किंवा गच्चीत पडतो. पावसात ऊब आणि ओल दोन्ही मिळाल्याने कचरा लवकर कुजतो. त्यातच श्रावणात कानबाई येते. रोटांच्या निमित्ताने भाऊबंद जमतात, पंगती उठतात, खरकटे वाढते. अशा वेळी पुढील गोष्टी पाळून पाहा.

ओला कचरा कोरडा करून टाका. साली, कोयी, चहाचा चोथा हे सगळे थेट बादलीत टाकू नका. आधी चाळणीत निथळू द्या, मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. ओल नसेल तर माशीची अळी जगत नाही.

कचऱ्याची बादली झाकणाचीच हवी, आणि ती घंटागाडीवर रिकामी केली की काम संपले असे समजू नका. खरी मेख बादलीच्या तळाशी आहे. तिथे जो काळा रस साचतो, त्यात अळ्या होतात. दर दोन दिवसांनी बादली साबणाने घासा आणि उन्हात उपडी घाला. आपल्याकडे उन्हाची काय कमतरता!

परसात खत करीत असाल, तर प्रत्येक थरावर कोरडी माती, राख किंवा वाळका पाला पसरा. वरचा थर नेहमी कोरडा राहिला पाहिजे. शेजारी गोठा असेल, तर मालकाशी भांडण्याऐवजी शेण रोज उचलण्याविषयी आणि ते पातळ पसरून वाळवण्याविषयी बोला. वाळलेल्या शेणात माशीचे काही चालत नाही. आपल्या आज्या गोवऱ्या थापायच्या त्यात हेही शहाणपण होते.

स्वयंपाकघरात झाकण हेच औषध. जुन्या घरांत दुधातुपासाठी जाळीचे कपाट असे. ते अडगळीत गेले असेल तर बाहेर काढा. नाही तर जाळीची घुमटासारखी झाकणे बाजारात मिळतात. पंगतीच्या वेळी वाढपाच्या जागेवर एक टेबलफॅन लावून ठेवा. वाऱ्याच्या झोतात माशीला नीट उतरता येत नाही. हा उपाय इतका साधा आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही.

दारे-खिडक्यांना जाळी लावणे हा खर्चाचा पण टिकाऊ उपाय. जाळी डासही अडवील इतकी बारीक घ्या. दाराला स्प्रिंग बसवा आणि ते बाहेरच्या बाजूला उघडणारे ठेवा, म्हणजे दारावर बसलेल्या माश्या ढकलून आत येणार नाहीत.

उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड गच्चीवर घातले की माश्यांची धाड ठरलेली. जुनी मच्छरदाणी फेकून देऊ नका. ती कापून, धुऊन वाळवणावर ताणून बांधा, पदार्थाला टेकणार नाही अशी. आणि वाळवण अगदी सकाळी घाला. ऊन चढेपर्यंत वरचा पापुद्रा सुकला की माशीचा त्यातला रस निम्मा संपतो.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीत तुळस ठेवली, दारात पाण्याने भरलेली पिशवी टांगली तर माश्या येत नाहीत म्हणे! तुळस जरूर लावा, ती घराची शोभा आहे. पण झाकणाचे काम तिच्यावर सोपवू नका. पिशवीवर तर नाहीच नाही.

केळी आणि चिलटे

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपल्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण घरात घड टांगला की चार दिवसांत चिलटेही टांगली जातात, हेही तितकेच खरे! ही चिलटे माशीची पिल्ले नव्हेत, ती वेगळी जात. फळ आंबू लागले की त्या वासावर ती येतात आणि तिथेच अंडी घालतात.

घड घरी आणला की पाण्याने धुऊन पुसून टांगा. चिरलेले, फुटलेले केळे आधी वापरा. साली ओट्यावर ठेवू नका. तरीही चिलटे झालीच, तर एका पेल्यात चमचाभर व्हिनेगर किंवा पिकल्या केळ्याचा तुकडा घाला, थोडे पाणी ओता आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. वर कागदाची शंकूसारखी पुंगळी, टोकाला बारीक भोक ठेवून, बसवा. चिलटे आत शिरतात, त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. सकाळी पेला ओतून द्या.

न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी केसाळ, पतंगासारखी चिमुकली पाखरे मात्र या पेल्याला भुलत नाहीत. त्यांचा जन्म मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात होतो. जाळी उचलून तो थर ब्रशने खरवडून काढा. नुसते फिनेल ओतून भागत नाही. आणि पहिल्या पावसात दिव्यावर झेपावणारी वाळवीची पाखरे म्हणजे दोन संध्याकाळींचे पाहुणे. आतले दिवे अर्धा तास मालवा, बाहेर एक पिवळा दिवा लावून त्याखाली पाण्याची परात ठेवा. एवढे पुरते.

आपला कूलर, आपले पिंप

आता डासाकडे वळू. खानदेशात डासाचा प्रश्न इतर गावांपेक्षा थोडा निराळा आहे, आणि तो निराळा का हे समजून घेतले तरच उपाय सापडतो.

पहिले कारण म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या कोरड्या झळांत डासाचा बाहेर निभाव लागणे कठीण. पण आपण घरोघरी कूलर लावतो. गारवा, ओल, अंधार आणि खाली साठलेले स्वच्छ पाणी! डासाला याहून चांगले बाळंतघर कोणते?

दुसरे कारण म्हणजे पाणी. जळगाव असो की धुळे, कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. दोन दिवसांआड, चार दिवसांआड, टंचाईत आठवड्याने. मग पिंपे, टाक्या, हौद, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवावी लागतात. 'पाणी साठवू नका' असे कुणी सांगितले तर आपल्याला हसू येते. साठवले नाही तर प्यायचे काय? पाणी कधी येणार याची वाट बघत रात्री जागते कोण? आपणच ना! तेव्हा साठवणे सोडता येणार नाही. पण साठवण्याची रीत मात्र बदलता येते.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो. त्याची मादी आपली अंडी पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या काठालगत भांड्याच्या भिंतीवर चिकटवते. आणि ही अंडी, नीट लक्षात ठेवा, पाणी आटले तरी मरत नाहीत. कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणजे नुसते पाणी ओतून दिले तर अळ्या गेल्या, अंडी राहिली! म्हणून पिंप रिकामे झाले की आतली भिंत काथ्याने किंवा ताठ ब्रशने साबण लावून घासायची आणि मग उन्हात कोरडी करायची. नळाला पाणी येणार त्या दिवशी सकाळी पिंपात तळाशी थोडेच पाणी असते, तीच वेळ साधा. उरलेले पाणी झाडांच्या मातीत ओता, गटारीत नको.

पिंपाचे झाकण घट्ट नसेल तर जुन्या साडीचे सुती कापड दुहेरी करून तोंडावर ताणा आणि दोरीने किंवा रबराने बांधा. पाणी कापडातून भरता येते, डास मात्र आत जात नाही. शंका आली तर पिंपातले पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून बघा. अळी असेल तर फडक्यावर दिसेल.

कूलरचे पाणी दर आठवड्याला पूर्ण काढा, टाकी घासा, मगच नवे भरा. जूनमध्ये कूलर बंद कराल तेव्हा टाकी घासून पुसून, उन्हात वाळवून, वरून झाकून ठेवा. त्यातले गवत जुने झाले असेल तर ते काढून जाळून टाका. त्यालाही अंडी चिकटलेली असू शकतात. पुढच्या होळीनंतर कूलर बाहेर काढाल, तेव्हा पाणी भरण्याआधी पुन्हा एकदा घासा. मी ज्या ठिकाणी चुकले, ते हेच.

याशिवाय फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लँटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी, गच्चीवरचे टायर, फुटकी बादली, नारळाच्या करवंट्या यांचीही फेरी घाला. गच्चीवरच्या टाकीचे झाकण तपासा. शौचालयाच्या टाकीच्या वाफेच्या नळीला वर जाळीचे कापड बांधा. तिथून रात्री चावणारे दुसऱ्या जातीचे डास झुंडीने बाहेर पडतात.

घासता न येणारा मोठा हौद किंवा वापरात नसलेली विहीर असेल, तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. ते डासांच्या अळ्या खातात. मात्र हे मासे परदेशी आहेत. नदी-तलावात सोडू नका. आणि आरोग्य कर्मचारी अळीनाशक औषध टाकायला आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका.

जुना धडा

'एवढं कशाला? सरकारनं फवारणी केली की झालं,' असे म्हणणाऱ्या अनेक जणी भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगते. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. घरोघरी भिंतींवर डी. डी. टी. फवारली गेली. जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांना ते फवारेवाले आठवत असतील. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला ७.५ कोटी लोकांना हिवताप होतो असा अंदाज होता. १९६५ पर्यंत नोंदवलेले रुग्ण १ लाखाच्या आसपास आले. सर्वांना वाटले, जिंकलो! देखरेख ढिली पडली, डास विषाला सरावले, आणि १९७६ साली आकडा पुन्हा ६४ लाखांच्या वर गेला.

चिकुनगुन्याचेही तसेच. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली. मग तीस वर्षांहून अधिक काळ तो जणू दिसेनासा झाला. आणि २००६ साली पुन्हा उसळला, तो आपल्या शेजारच्या मालेगावातसुद्धा. सांधे धरून बसलेली, भिंतीचा आधार घेत चालणारी माणसे तेव्हा आपल्या भागाने पाहिली. विषाचा फवारा उडणारा डास मारतो. पिंपातली अळी आणि भिंतीवरचे अंडे शिल्लकच राहते. गल्लीतून धुराचे यंत्र गेले म्हणून निर्धास्त होऊ नका.

धूर, कॉइल आणि विष

संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने डास घटकाभर दूर जातात, पण बाळ किंवा दमेकरी घरात असेल तर तो धूर नकोच. कॉइलविषयी तर जास्त जपा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण असतात. बंद खोलीत, लेकरांच्या उशाशी ती रात्रभर जाळायची का, हे तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा मच्छरदाणी शतपटीने बरी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या तान्ह्यालाही मच्छरदाणीतच झोपवा.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगते. आपला भाग कपाशीचा. पुष्कळ घरांत शेतातल्या औषधाची अर्धी बाटली पडलेली असते. ती घरातल्या माश्यांवर, ढेकणांवर किंवा मुलीच्या डोक्यातल्या उवांवर कधीही वापरू नका. ही औषधे कातडीतून आणि श्वासातून अंगात भिनतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. मग बंद घरात काय होईल? तसली बाटली घराबाहेर, कुलपात राहू द्या.

ताप आलाच तर

इतके करूनही ताप आला, तर अंगावर काढू नका. डेंग्यूचा संशय असेल तेव्हा तापावर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, ताक, शहाळे देत राहा. आणि हे विशेष लक्षात ठेवा : डेंग्यूत धोक्याची वेळ पुष्कळदा ताप उतरतो तेव्हा येते. 'ताप गेला, सुटलो' असे वाटत असतानाच पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, विलक्षण ग्लानी यांपैकी काही दिसले तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

माश्यांच्या दिवसांत मुलांना जुलाब झाले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा (चहाचा) विरघळवून थोडे थोडे पाजत राहा. जुलाब थांबत नसतील, मूल मलूल झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर नको.

कात्रण काढून ठेवा

रोज : अन्न झाकणे, ओला कचरा निथळून गुंडाळणे, रात्री ओटा पुसून कोरडा करणे.

दर दोन दिवसांनी : कचऱ्याची बादली घासून उन्हात घालणे.

पाणी येण्याच्या दिवशी : पिंपे रिकामी करून भिंती घासणे, भरल्यावर तोंड बांधणे.

आठवड्याचा ठरलेला वार : कूलर, फ्रीजचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, मोरीची जाळी आणि गच्ची. सरकारी भाषेत हाच 'कोरडा दिवस'. पाणी आठवड्यापेक्षा उशिरा येत असेल, तर या दिवशी निदान कापड आणि झाकणे तपासून फडक्याची परीक्षा करणे.

जूनमध्ये आणि होळीनंतर : कूलर घासणे, वाळवणे.

एकटीने भागत नाही

शेवटी एक मनातले सांगते. हा सारा पसारा वाचून तुम्हाला वाटेल, पुन्हा बाईच्याच डोक्यावर आणखी एक काम! खरे आहे. म्हणून माझ्या घरी मी ते वाटून टाकले आहे. गच्ची आणि टाकी यजमानांकडे, कुंड्या आणि ट्रे मुलांकडे. धाकटा तर आता टॉर्च घेऊन 'तपासणीला' निघतो आणि माझीच चूक सापडली की त्याला कोण आनंद होतो!

आणि घर एकट्याने स्वच्छ ठेवून पुरतही नाही. डास काही घराचा नंबर वाचून आत येत नाही. आमच्या गल्लीने रविवार ठरवला आहे. सकाळी आठ वाजता जिला वेळ असेल ती पदर खोचून बाहेर येते. म्हाताऱ्यांची, एकट्या राहणाऱ्यांची पिंपे आम्ही घासून देतो, बंद घरांच्या अंगणातली भांडी पालथी घालतो. सुरुवातीला चौघी होतो, आता बाराजणी आहोत. काम तासाभराचे. नंतर वहिनींच्या ओट्यावर चहा होतो. हो, त्याच वहिनी! ज्यांच्या गटारीला मी बोल लावला, त्यांच्याच हातचा चहा.

ती गटार अजूनही अधूनमधून तुंबते. पण आता आम्ही दोघी मिळून ती साफ करायला सांगतो, आणि दोघींनी मिळून सांगितलेले लवकर ऐकले जाते.

मग, मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीचा वार कोणता?